न उलटणारी होडी

मंडळी, टाळ खाली ठेवा. पेटीवाले काका, तुम्हीही जरा बोटं मोडून घ्या. पुढचा अर्धा तास तुम्हाला काम नाही. आणि खरं सांगू? पुढच्या अर्ध्या तासात गाण्यासारखं काही नाहीच!

आधी एक प्रश्न विचारते. माणूस आपल्या माणसाचा घात कशाने करतो? रागाने? लोभाने? संशयाने? या तिघांवर मी चाळीस कीर्तनं केली, तुम्ही माना डोलावल्यात, प्रसाद घेतलात आणि घरी गेलात. आज चौथं नाव घेते — काळजी! हो, काळजीच! हसू नका. पुढच्या रांगेतल्या काकू हसल्या. काकू, काळजीने कधी कोणाचा घात होतो का, असंच ना मनात आलं? ऐका मग.

आजचं आख्यान पुराणातलं नाही. राजा नाही, राक्षस नाही. एक नवरा, एक बायको, एक मुलगी आणि एक होडी. होडी म्हणजे भवसागर तरून नेणारी ती नव्हे हं! खरीखुरी होडी. डोलकाठी, शीड, सुकाणू. ना इंजिन, ना वल्हं — वारा भरला की चालली. आणि तीसुद्धा समुद्रातली नाही, आपल्या धरणाच्या पाण्यात फिरवायची. गाडीच्या मागे ट्रेलरला जोडायची, रविवारी सकाळी पाण्यावर न्यायची, संध्याकाळी परत आणून अंगणात उभी करायची. लोक म्हशी बांधतात, यांना होडी बांधायची होती!

यांना म्हणजे कोणाला? धनंजय टिपणीस. नाशकात एका मोठ्या कारखान्यात तपासणी खात्याचे साहेब. माणूस सज्जन. पान नाही, तंबाखू नाही, आवाज चढवून बोलणं नाही. काम काय? तयार झालेला माल समोर यायचा आणि साहेबांनी त्यातला दोष काढायचा. केसाएवढी रेघ दिसली — माल परत! बावीस वर्षं हेच. आता मला सांगा, बावीस वर्षं जो दिवसभर दोष शोधतो, तो घरी आल्यावर डोळे खुंटीला टांगून ठेवतो का? साडी आणली की उसवलेली शिवण यांना दिसायची. टोमॅटो आणले की आतली कीड बाहेरून दिसायची. बायको थट्टेने म्हणायची, "मला कसं काय पसंत केलंस रे? त्या दिवशी चष्मा नव्हता वाटतं!"

बायकोचं नाव वृंदा. ही कोण? कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेतली. वेणी वर बांधून शिडाची होडी हाकणारी मुलगी! वाऱ्याचा वास घेऊन सांगायची, आता कुठून येणार. मग लग्न झालं, संसार झाला. होडी राहिली मागे, जशा तुमच्या-माझ्या पेट्या, सतारी, रांगोळ्या मागे राहिल्या. बायकांनो, माना खाली का घातल्यात? मी काही विचारलं नाही.

मुलगी एकच. रेवा. आठवीत.

तर एका शिमग्याला काय झालं — वृंदा पुरण वाटत होती आणि हातातून पातेलं निसटलं. हसली. दुसऱ्या दिवशी केसांची पिन लागेना. तिसऱ्या आठवड्यात पेन धरवेना. डॉक्टर, तपासण्या, मुंबई, पुन्हा डॉक्टर. शेवटी त्या मुंबईच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, हा नसांचा आजार आहे. हातांपासून सुरू झालाय. मग पाय, मग बोलणं, मग गिळणं, आणि शेवटी श्वास. डोकं मात्र लख्ख राहील. यावर औषध नाही. जे करायचं मनात असेल, ते लवकर करा.

मंडळी, दोघं गाडीने परत निघाले. कसारा घाट चढताना वृंदा म्हणाली, "धनंजय, मला एक होडी घेऊन दे."

"होडी?"

"शिडाची. लहानशी. रेवाला शिकवायचीय. दुसरं माझ्याकडे तिला द्यायला काय आहे? स्वयंपाक तू माझ्याहून बरा करतोस. गणित ती तुझ्याकडून शिकली. एवढी एकच गोष्ट अशी आहे की ती फक्त मला येते."

पाहा, किती साधं मागणं! आणि हा माणूस नाही म्हणाला का? छे! स्टिअरिंगवरचा हात काढून तिच्या हातावर ठेवला. म्हणाला, "घेऊ. चांगल्यात चांगली घेऊ."

तिथेच घात झाला, मंडळी! 'घेऊ' म्हणाला असता तर निभावलं असतं. 'चांगल्यात चांगली' म्हणाला!

आमच्या घरची गोष्ट सांगते. आमच्या यजमानांनी मिक्सर घ्यायचं ठरवलं. अकरा दुकानं पालथी घातली. याचं भांडं लहान, त्याचा आवाज मोठा. तोवर माझ्या हातची पाट्यावरची चटणी खाऊन दोन मुलांची लग्नं झाली! ते एक असो. मिक्सर काही मरत नसतो.

धनंजयरावांची पहिली होडी ज्येष्ठात पाहून झाली. एका माणसाने विकायला काढलेली जुनी होडी — उघडी, चारजणांची, वजनाला अशी हलकी की दोन माणसांनी उचलावी. तिच्या बुडातून एक पातं पाण्यात खाली सोडायचं, उथळ पाण्यात ते वर ओढून घ्यायचं. वृंदाने काठावर हात फिरवला. तोवर बोटं वळत होती. एक गाठ मारली, सोडली, आणि लहान मुलीसारखी हसली. "हीच! आपल्या धरणाला हीच हवी. पाणी मागे हटलं तरी चिखलातून ढकलून नेता येईल. रेवाला झेपेल. हीच घे."

धनंजयराव वाकले. बुडाखाली गेले. वर आले. "ही उलटू शकते."

"उलटली तर सरळ करायची. पहिल्या दिवशी तेच शिकवतात."

"तू सरळ करशील? या हातांनी?"

वृंदा म्हणाली, "मी नाही. रेवा करेल. मी तिला सांगेन, पात्यावर उभी राहा आणि मागे रेल."

माल परत!

अहो, त्यांचं चुकलं काय? बायको आजारी, हातात जोर नाही, पोर लहान. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? हेच! म्हणून तर सांगतेय. चुकलेल्या माणसाची गोष्ट सांगायला मी इथवर आले नसते, पेपरात रोज येतात त्या. ही बरोबर वागलेल्या माणसाची गोष्ट आहे.

मग सुरू झाली निवड! मुलगी बघायला जातात तशी एकेक होडी पाहिली. एकीला खोली होती, ऊन लागलं तर वृंदाला आडवं होता येईल — पण वजन एवढं की गाडी घाटात हिला ओढेना. दुसरी ओढायला हलकी — पण डोलकाठी उभी करायला तिघं लागतात, घरात धड माणूस दीड! तिसरी सगळ्यांत गुणी, पण बसायच्या जागा उंच, आणि वृंदाचे पाय आता उचलत नव्हते. कारण मंडळी, होड्या पाहता पाहता पावसाळा आला होता. आणि होडी बदलत होती तशी वृंदाही बदलत होती! आषाढात तिच्यासाठी जी होडी योग्य, ती श्रावणात अयोग्य. धनंजयराव होडी ठरवायचे आणि आजार एक पाऊल पुढे जायचा. पुन्हा नवा दोष, पुन्हा नवी होडी.

वृंदा म्हणायची, "अरे, कुठलीही आण. दार काढून आण आणि त्याला चादर बांध. पण आण."

तो म्हणायचा, "थोडं थांब. तुझ्याच साठी बघतोय ना?"

आणि खरंच तिच्याचसाठी बघत होता हो! जेवताना होडी, झोपताना होडी. या माणसाला मुळात पाण्याची भीती होती, पोहता येत नव्हतं, तरी शिडाचं कापड कोणतं आणि ट्रेलरचे ब्रेक कोणते, सगळं तोंडपाठ केलं. कारखान्यातले लोक म्हणायचे, साहेब बायकोसाठी किती करतात! किती करतात ते सगळ्यांना दिसत होतं. काय होत नाहीये, ते एकाच बाईला दिसत होतं.

भाद्रपदात सापडली! गोव्याला. बुडाखाली जड लोखंडी पातं पक्कं बसवलेलं. कितीही वारा येऊ दे, कलेल, पण उलटणार नाही! आत बसायला खोलगट जागा, पाठीला आधार. धनंजयराव तिच्याभोवती दिवसभर फिरले. एक दोष सापडेना! बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

घरी फोन केला. वृंदाने एकच विचारलं, आणि आता तिची जीभ जड झाली होती, शब्द ओले यायचे, "पातं वर ओढता येतं का?"

"नाही. पक्कं आहे. म्हणून तर उलटत नाही."

"मग पाणी खोल असताना आण. पाणी मागे गेलं की ती उतरणार नाही. आत्ता धरण भरलंय. आत्ता आण."

आत्ता म्हणजे कधी? दोन दिवसांनी पितृपक्ष! आणि हा माणूस, ज्याने आयुष्यात कधी पंचांग उघडलं नव्हतं, जो माझ्यासारखीला आईच्या वर्षश्राद्धाला 'दक्षिणा ऑनलाइन चालेल का' असं विचारेल, तो म्हणाला, "पितृपक्षात नवी वस्तू नको. उगाच विषाची परीक्षा कशाला? दसऱ्याला आणू."

धर्म सांगायची मला सवय आहे, तर ऐका. पितृपक्ष पूर्वजांसाठी असतो. कुठल्या पूर्वजाने सांगितलं की घरातल्या सुनेचं मागणं पंधरवडाभर टांगून ठेवा? पण धनंजयरावांना शास्त्र नको होतं. त्यांना थांबायला कारण हवं होतं. का? ते सांगते, पण जरा पुढे.

दसऱ्याला ट्रेलरचे ब्रेक नापास झाले — साहेबांनीच नापास केले. दिवाळीत ब्रेक दुरुस्त करणारा कारागीर गावी गेला. होडी अंगणात आली मार्गशीर्षात. पांढरीशुभ्र! वृंदाला खुर्चीतून बाहेर आणलं. तिने पाहिलं. रेवाला म्हणाली, "नाव ठेव हिचं." रेवा म्हणाली, "आधी चालू दे, मग ठेवते." बापासारखीच बोलली पोर!

पौषातला रविवार. चौघं निघाले — तिघं माणसं आणि एक होडी. पिंपळझरीचं धरण. काय वारा होता! पाण्यावर नुसता शहारा. वृंदाने गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाली, "पश्चिमेचा आहे. टिकेल."

पण पाणी कुठे होतं? कालव्याला आवर्तन सुटलेलं. शेतांना पाणी मिळालं, गहू हिरवा झाला, छान झालं — आणि धरणाचं पाणी सिमेंटचा उतार सोडून पार खाली गेलेलं. मध्ये नुसता काळा चिखल. ती पक्क्या पात्याची जड होडी ट्रेलरवरून तरंगायची तर पुरुषभर पाणी हवं. गाडी मागे घेतली, चाकं रुतली. फळ्या टाकल्या, फळ्या रुतल्या. दोर लावला, माणसं बोलावली. दुपार झाली. जगातली सगळ्यांत सुरक्षित होडी, मंडळी! चिखलात उभी! कशी उलटेल ती? पाण्यात गेली तर उलटेल ना!

वृंदा गाडीत पुढच्या सीटवर. मान धरायला उशी लावलेली. वारा बघतेय.

तेवढ्यात पाण्यावर एक शीड दिसलं. ती पहिली होडी! जुनी, उघडी, हलकी. एका शाळेतल्या गायधनी सरांनी घेतली होती. सर आणि त्यांची बायको काठाला आले, पातं वर ओढलं, दोघांनी होडी चिखलावर सरकवली, टोपलं सरकवावं इतकी सहज. गायधनी सरांनी सगळा प्रकार पाहिला. गाडीतली बाई पाहिली. जवळ येऊन म्हणाले, "टिपणीस साहेब, वहिनींना आमच्या होडीत घ्या ना. मी उचलून नेतो. ही मागून धरेल. एक फेरी मारू."

वृंदाने नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, अडखळत, एकेक शब्द ओढून आणत, "हात रेवाचे. बोलणं माझं. अजून बोलता येतंय. जाऊ दे मला."

मंडळी, आता मला त्या माणसाच्या मनात शिरू द्या. तो काय बघत होता? बायकोची मान बघत होता, जी उशीशिवाय ठरत नव्हती. पाणी बघत होता. ती होडी बघत होता, जिच्यात त्याने स्वतः दोष काढला होता. आणि या सगळ्याच्या खाली, तळाशी, एक गोष्ट होती, जी त्याने स्वतःलाही सांगितली नव्हती. ही फेरी झाली की वृंदाचं मागणं संपेल. मागणं संपलं की तिला थांबायचं कारण उरणार नाही. होडी मिळेपर्यंत ती जाणार नाही, असा एक वेडा हिशोब त्याच्या मनाने कधीच मांडून ठेवला होता! म्हणून प्रत्येक होडीत दोष. म्हणून पितृपक्ष. म्हणून ब्रेक. वाट बघायला लावलं की माणूस थांबतं, असं त्याला वाटत होतं.

तो म्हणाला, "नको सर. आभारी आहे. पुढच्या वेळी. आपल्याच होडीतून नेईन मी तिला."

पुढच्या वेळी! शब्द किती गोड बघा. म्हटला की पुढची वेळ असते, असं वाटतं.

रेवाने गाडीचं दार आपटलं. सर परत गेले. शीड लांब गेलं. आणि ती बाई ते शीड दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

पुढच्या वेळी काय झालं? होळीपर्यंत बोलणं गेलं. शब्द आत, डोकं लख्ख, आणि तोंडातून नुसता आवाज. रेवा पाण्याचं, वाऱ्याचं विचारायची — "आई, समोरून वारा आला तर?" आणि वृंदाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. उत्तर होतं हो तिच्याकडे! सगळं उत्तर होतं. बाहेर यायला वाट नव्हती. लेक किती विचारणार आणि आई कशी सांगणार? काही दिवसांनी पोरीने विचारणंच सोडलं. आईला छळल्यासारखं होतं म्हणाली.

वृंदा आषाढात गेली.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर बसलेला, मान वाकडी करून बघतोय, पण खाली येईना. तुम्हाला माहितीच आहे आपली रीत — वडीलधारे म्हणाले, "काही राहिलं असेल मनात. शब्द दे बाबा." धनंजयराव पुढे झाले. हात जोडले. सगळ्यांदेखत म्हणाले, "रेवाला मी होडी शिकवीन."

कावळा खाली आला! लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तर त्या कावळ्याची दया येते. बिचाऱ्याने विश्वास ठेवला!

भाद्रपद आला. धरण काठोकाठ. पाणी थेट सिमेंटच्या उतारावर. होडी ट्रेलरवरून अशी अलगद उतरली, जणू वाट बघत होती. बाप-लेक आत बसले. शीड वर चढवलं, ते पुस्तकात बघून जमलं. काठापासून ढकलली. आणि शीड फडफडायला लागलं. फटाफट, फटाफट! होडी पुढे जाईना. गोल फिरते, मागे सरकते. उलटत मात्र नव्हती हं! अजिबात नाही!

रेवाच्या हातात एक दोर होता. तिने विचारलं, "बाबा, हा ओढायचा की सोडायचा?"

धनंजयरावांनी दोराकडे पाहिलं. त्याची जाडी माहीत होती, तो किती वजन पेलतो ते माहीत होतं, कुठल्या कंपनीचा तेही माहीत होतं. ओढायचा की सोडायचा, ते माहीत नव्हतं. ते माहीत असलेलं माणूस या घरात एकच होतं.

"बाबा, सांगा ना!"

तो माणूस होडीच्या मधोमध बसून रडायला लागला. लहान मूल रडतं तसा, तोंड उघडं टाकून. रेवाने दोर सोडून दिला. जवळ गेली नाही. डोळे कोरडे ठेवून म्हणाली, "त्या दिवशी आई सांगत होती. तुम्ही जाऊ दिलं नाहीत." वाऱ्याने होडी सरकत सरकत पलीकडच्या काठाला लागली. पोर उतरली आणि चालत रस्त्याला लागली. पुन्हा त्या होडीत ती बसली नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, शिकेल की! गायधनी सर शिकवतील, क्लब असतात. हो, शिकेल. दोर कधी ओढायचा, ते कोणीही शिकवेल. पण आईने आठ महिने 'मला देऊ दे, मला देऊ दे' म्हणत हातात धरून ठेवलेलं, आणि ते घ्यायला पोर समोर उभी असताना बापाने मध्ये घातलेला हात — हे कुठल्या क्लबात भरून मिळतं? मी या आख्यानाला गोड शेवट शोधला, मंडळी. महिनाभर शोधला. नाही सापडला. दोर बापाला उमगला, लेक परत आली, असं लावून द्यायला मला काय झालं होतं? पण तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेला असतात.

आता तुमच्याकडे वळते. पळू नका! तुमच्यातल्या कोणाची म्हातारी आई म्हणतेय, एकदा माहेरचं गाव दाखव. आणि तुम्ही म्हणताय, रस्ता नीट होऊ दे, तुझी कंबर हादरेल. रस्ता होईल हो! कोणाचा भाऊ म्हणतोय, येऊन जा. तुम्ही म्हणताय, तुझी तब्येत जरा सुधारू दे, मग निवांत बसू. तुमच्या तोंडी सगळी काळजीच आहे, एक वाईट शब्द नाही. धनंजयरावांच्या तोंडी तरी कुठे होता?

तर आज मी देवाला सांगून एक वेगळी रीत करते. ज्याच्या मनात आत्ता एक नाव आलं — आलंय, मला इथून चेहरे दिसतायत — त्याने आरतीला थांबायचं नाही. उठायचं, चपला घालायच्या, जायचं. निदान फोन तरी करायचा. देव रागावणार नाही, ते माझ्याकडे लागलं. उठा!

काय हो, कोणीच नाही? काकू, तुम्ही तर मघाशी डोळे पुसलेत. काय म्हणता? जरा मोठ्याने बोला, मागच्यांना ऐकू द्या.

"आरती झाली की लगेच जाते, ताई."

बरं. पेटीवाले काका, सूर द्या.